पोलिसांची थाप आणि निर्दोष माणूस

पोलिसांनी पुरावा मिळवायला खोटं बोललं तर ते कायद्याने चालवून घ्यावं का, हा विषय कुठेही निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, चोर काय हरिश्चंद्र असतात का, मग पोलिसांनीच कशाला सत्यवचनी राहायचं, काट्याने काटा काढायचा. दुसरा म्हणतो, वर्दीतला माणूस एकदा खोटं बोलायला लागला की कायद्याचं राज्य संपलंच. मग तासभर तावातावाने भांडण होतं आणि मला दर वेळी वाटतं की अरे, तुम्ही दोघं एका गोष्टीबद्दल बोलतच नाही आहात. पहिल्याच्या डोळ्यासमोर टेबलाखालून पैसे घेणारा साहेब आहे, त्याला सापळा लावून धरलंय. दुसऱ्याच्या डोळ्यासमोर रात्रभर बसवून ठेवलेला पोरगा आहे, त्याला पहाटे 'तुझ्या दोस्ताने सगळं सांगितलंय' असं खोटंच सांगून सही घेतलीय. दोन्हीला आपण फसवणूक हाच शब्द लावतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पोलीस खोटं बोलले का, एवढंच विचारून काही कळत नाही. विचारायचं ते हे, की हीच थाप एखाद्या साफ निर्दोष माणसाला मारली असती तर त्याचं काय झालं असतं? तो 'मला नको' म्हणून चालता झाला असता तर ती थाप चालेल, तिच्यातून मिळालेला पुरावा कोर्टात यायला माझी हरकत नाही. पण त्याच थापेने निर्दोष माणूससुद्धा अडकला असता, तर तो पुरावा कोर्टाच्या दारातच अडवला पाहिजे, मग समोरचा आरोपी खरोखरचा गुन्हेगार का असेना.

आधी पहिल्या बाजूचं जे बरोबर आहे ते मान्य करू, कारण ते खूप बरोबर आहे. काही गुन्हे असे असतात की त्यात बोंब मारणारं कोणी नसतंच. लाच देणारा आणि घेणारा दोघंही गप्प, अमली पदार्थ विकणारा आणि घेणारा दोघंही गप्प, आणि लहान मुलांना ऑनलाइन जाळ्यात ओढणाऱ्याच्या बाबतीत तर ज्याच्यावर अन्याय होतोय त्या मुलाला ते कळतही नसतं. इथे वेषांतराशिवाय पुरावा कसा मिळणार? लाचेचा सापळा कसा असतो बघा. तक्रारदाराने आणलेल्या नोटांवर फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पावडर चोळतात, नंबर लिहून घेतात, पंचांसमोर पंचनामा होतो, तक्रारदार आत जातो आणि पैसे घेतले गेले की ठरलेला इशारा करतो. मग पथक आत येतं आणि साहेबांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. पाणी गुलाबी झालं की साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत नाटक आहे. पण त्या खुर्चीत प्रामाणिक माणूस असता तर? त्याने पैसे मागितलेच नसते, आणि कोणी पुढे केले असते तर 'हे उचला आधी' म्हणाला असता, बोटं कोरडी, पाणी बिनरंगाचं, नाटक तिथेच संपलं. निर्दोष माणसाला या थापेचा ओरखडाही उठत नाही.

असंच एक भलंमोठं उदाहरण २०२१ सालचं. अमेरिकेच्या एफबीआयने आणि ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी 'अ‍ॅनॉम' नावाचे फोन गुन्हेगारी टोळ्यांमध्ये पसरवले, टोळ्यांना वाटायचं की यावरचे मेसेज कोणालाच वाचता येत नाहीत आणि प्रत्यक्षात प्रत्येक मेसेज पोलिसांकडे जात होता. जवळपास १२ हजार फोन, शंभराहून जास्त देश, आणि जूनमध्ये एकदम धाडी पडल्या तेव्हा आठशेहून जास्त अटका. एवढी मोठी फसवणूक पोलिसांनी क्वचितच केली असेल, आणि तरी मला ती मूळात गैर वाटत नाही (प्रत्येक देशात तिच्या परवानग्यांवर कोर्टात वाद झाले, ते व्हायलाच हवेत), कारण कोणाच्याही तोंडात कोणी शब्द घातले नव्हते, जे लिहिलं ते टोळीवाल्यांनी आपल्या मनाने, आपल्या धंद्यासाठी लिहिलं.

पण याच वाटेवर पुढे एक खड्डा आहे आणि तो आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखलेला होता. कौटिल्य म्हटलं की लोकांना वाटतं, बस, हेर सोडा, फसवा, काहीही करा. अर्थशास्त्रात अमात्यांची परीक्षा घ्यायला धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार प्रकारच्या मोहाच्या परीक्षा सांगितल्यात, म्हणजे चक्क सरकारी सापळेच. पण तिथेच कौटिल्य आपलं स्वतःचं मत म्हणून बजावतो की जो बिघडलेला नाही त्याला असा बिघडवू नका, पाण्यात विष कालवल्यासारखं होईल ते, आणि एकदा बिघडलेल्याला पुन्हा औषध मिळेलच असं नाही. फसवणुकीचं शास्त्र लिहिणारा माणूससुद्धा इथे थांबतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९५६ साली रामजनम सिंगच्या निकालात जवळजवळ हेच म्हटलं, की माणसाची वृत्ती कशीही असो, त्याच्या सोसण्यापलीकडे त्याला मुद्दाम मोहात पाडलं जाणार नाही एवढी अपेक्षा ठेवायचा त्याला हक्क आहे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका शेतकऱ्याला सरकारी खात्यांनी खोट्या संस्थांच्या नावाने तब्बल २६ महिने पत्रं पाठवली, शेवटी त्याने लहान मुलांची अश्लील चित्रं असलेलं बेकायदा मासिक मागवलं आणि मग त्याला पकडलं. त्याची आवड किळसवाणी होती यात वाद नाही. पण १९९२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा रद्द केली, कारण गुन्हा करायची तयारी त्याच्यात आधीपासून होती की सरकारनेच दोन वर्षांहून जास्त खतपाणी घालून ती उगवली, हे सरकारला दाखवता आलं नाही. गुन्हेगार शोधणं आणि गुन्हेगार घडवणं यातली रेघ ही अशी असते.

आता चौकशीच्या खोलीत येऊ, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. सापळ्यात माणूस मोकळा असतो, उठून जाऊ शकतो. चौकशीच्या खोलीत तो अडकलेला असतो, झोप नसते, ओळखीचं कोणी जवळ नसतं, आणि समोरचा माणूस सरकार म्हणून बोलत असतो. अमेरिकेत १९६९ च्या फ्रेझर विरुद्ध कप या निकालापासून पोलिसांनी इथे थाप मारली तर चालतं. त्या केसमध्ये आरोपीला खोटंच सांगितलं होतं की तुझ्या चुलत भावाने कबुली दिलीय, कोर्ट म्हणालं की एवढ्यावरून कबुली बाद होत नाही, एकूण परिस्थिती बघायची. ऐकायला वाजवी वाटतं ना? भाऊ काही बोलला नव्हता, पण यानेच केलं असेल तर त्यात बिघडलं काय?

बिघडतं कुठे ते बघायला १९९६ चा एक साधा प्रयोग पुरेसा आहे. सॉल कॅसिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने ७५ विद्यार्थ्यांना एकेक करून कॉम्प्युटरवर अक्षरं टाइप करायला बसवलं आणि सांगितलं की ऑल्ट बटणाला हात लावू नका, सगळा डेटा जाईल. थोड्या वेळाने कॉम्प्युटर मुद्दाम बंद पाडला आणि विद्यार्थ्यावर आरोप केला की तूच ते बटण दाबलंस. कोणीही दाबलेलं नव्हतं. सावकाश टाइप करणाऱ्यांपैकी ३५ टक्के जणांनी तरीही कबुलीच्या कागदावर सही केली. पण बाजूला बसलेल्या मुलीने 'मी याला दाबताना पाहिलं' असं खोटं सांगितलं तेव्हा हा आकडा ८९ टक्क्यांवर गेला, आणि जे भरभर टाइप करत होते, म्हणजे आपण काय केलं याची ज्यांना नीट खात्री नव्हती, त्यांच्यात खोट्या साक्षीदारानंतर शंभर टक्के. काहींना तर खरंच वाटायला लागलं की दाबलं असेल आपण. आता कोणी म्हणेल की बटण दाबणं आणि खून करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हो, आहे, पण चौकशीच्या खोलीतला दबाव आणि कॉलेजच्या लॅबमधला दबाव यातही तेवढाच फरक आहे ना? अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरून सुटलेली जी शेकडो माणसं आहेत, त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त प्रकरणांमध्ये खोटी कबुली होती.

'न केलेला गुन्हा कोण कबूल करेल' हे वाक्य मला फार क्रूर वाटतं. अणिमांडव्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, अर्थशास्त्रातही चौकशीच्या प्रकरणात तिचा दाखला आहे, की तो चोर नव्हता, पण होणाऱ्या छळाच्या भीतीने 'मीच चोर' म्हणाला, म्हणून पुरावा पुरता जमल्याशिवाय शिक्षा करू नये. छळाच्या भीतीने माणूस खोटं कबूल करतो हे आपण मान्य केलं, मग आशा संपल्यामुळेही करतो हे मान्य करायला एवढं जड का जातं? 'तुझे ठसे सापडलेत, आता सुटका नाही, कबूल केलंस तर निदान लवकर घरी जाशील' हे ऐकणारा निर्दोष माणूस हिशोब करतो की ठसे आहेत म्हणतायत म्हणजे कोर्टही यांचंच ऐकणार, त्यापेक्षा आत्ता सही करू, खरं काय ते नंतर बाहेर येईलच. नंतर काही बाहेर येत नाही, कारण कबुली मिळाली की बाकीचा तपास थंडावतो. आणि गंमत म्हणून नव्हे, अगदी गंभीरपणे सांगतो, निर्दोष माणूस इथे गुन्हेगारापेक्षा जास्त कच्चा ठरतो. ज्याने हातमोजे घालून चोरी केली त्याला माहीत असतं की ठसे असूच शकत नाहीत, थाप त्याला लगेच कळते. ज्याने काही केलंच नाही त्याला थाप ओळखायचं साधनच नाही.

आता थापेच्या बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा, जो तपास करणारी माणसं मनापासून मांडतात. ते म्हणतात, थाप बंद केलीत तर लाठी परत येईल, थाप निदान कोणाची हाडं तर मोडत नाही. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, छळापेक्षा थाप बरी यात शंका नाही. पण यात गृहीत असं धरलंय की तपास म्हणजे कबुली काढणं, मग ती मारून काढा नाहीतर फसवून काढा. तेच मुळात सोडायला हवं. इंग्लंडमध्ये बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत अडकवलेली माणसं १९८९ आणि १९९१ मध्ये सुटली, गिल्डफोर्डचे चार आणि बर्मिंगहॅमचे सहा, दीड-दीड दशक तुरुंगात काढून. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी चौकशीची पद्धतच बदलली, आधी पुरावा नीट गोळा करायचा, मग माणसाला मोकळेपणी बोलू द्यायचं, मग त्याचं बोलणं पुराव्याशी ताडून बघायचं, आणि सगळं रेकॉर्ड करायचं. त्याआधीच १९८७ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने जाळपोळीच्या एका केसमध्ये कबुली बाद करून शिक्षा रद्द केली होती, कारण पोलिसांनी आरोपीला आणि त्याच्या वकिलालाही खोटंच सांगितलं होतं की जळालेल्या बाटलीच्या काचेवर तुझा ठसा मिळालाय. वकिलाने त्या खोट्याच्या आधारावर सल्ला दिला. विचार करा, ज्या एका माणसावर आरोपीने भरवसा ठेवायचा त्याच्याच हातात खोटा नकाशा दिला. हे सगळं बंद झालं म्हणून इंग्लंडमध्ये खुनाचे तपास लागायचे थांबले का? जर्मनीत तर १९५० पासून कायद्यातच लिहिलंय की मारहाण, थकवणं, संमोहन आणि फसवणूक यातून मिळालेला जबाब वापरता येणार नाही, आरोपीची स्वतःची संमती असली तरी नाही. नाझी काळ नुकताच भोगलेल्या देशाने फसवणूक ही छळाच्याच ओळीत बसवली यावर थोडं थांबून विचार करावा असं मला वाटतं. आणि तिथेही पोलिसांनी आपले पत्ते झाकून ठेवले तर चालतं, आपल्याला काय माहीत आहे ते सांगितलंच पाहिजे असं नाही. झाकणं वेगळं आणि नसलेलं आहे म्हणून सांगणं वेगळं.

मग एक वकिली युक्तिवाद येतो, की खरं ते खरं, ते कसं मिळालं याच्याशी कोर्टाला काय करायचंय? १८६१ साली एका इंग्लिश न्यायाधीशाने म्हटलं होतं की पुरावा चोरून आणलात तरी तो चालेल. भारतातही सुप्रीम कोर्टाने साधारण हीच वाट धरली. १९७२ च्या मलकानी खटल्यात मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे लाच मागितली होती, त्याबद्दलचं त्याचं फोनवरचं बोलणं त्या कॉरोनरला न कळता टेप केलं गेलं, ते पुरावा म्हणून चाललं, आणि १९७३ च्या पूरणमल निकालात झडती बेकायदा असली तरी सापडलेली कागदपत्रं चालतील असं ठरलं. मलकानीचा निकाल मला पटतो, माझ्या कसोटीवरही तो उतरतो, शब्द कॉरोनरचे स्वतःचे होते. पण 'खरं ते खरं' हे वस्तूंना लागू पडतं. चाकू, कागद, नोट या वस्तू पोलिसांनी थाप मारायच्या आधीपासून असतात, थापेमुळे फक्त त्या सापडतात. कबुली तशी नसते, ती त्या खोलीत, त्या थापेतूनच तयार होते. जी गोष्ट खोट्यातून जन्माला आली तिला 'खरं ते खरं' म्हणायचं कशाच्या जोरावर?

भारतीय कायद्यातली विसंगती तर मला अस्वस्थ करते. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांसमोरची कबुली चालणार नाही असं कलम २५ मध्ये ठणकावून सांगितलं, ब्रिटिश सरकारचा स्वतःच्याच पोलिसांवर एवढाही विश्वास नव्हता. पण त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये म्हटलं की कबुली एरवी ग्राह्य असेल तर केवळ आरोपीला फसवून घेतली म्हणून ती बाद होत नाही. म्हणजे धमकी नको, आमिष नको, वचन नको, फसवणूक मात्र चालेल. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात धमकी-आमिषाच्या जोडीला जबरदस्ती हा शब्द घातला, आणि फसवणुकीची ती दीडशे वर्षांची सूट मात्र कलम २२ मध्ये जशीच्या तशी उचलून ठेवली. पोलिसांसमोरची कबुली चालतच नाही मग काळजी कशाला, असं कोणी म्हणेल, पण पोलिसांनी तुरुंगात सोडलेल्या दुसऱ्या कैद्यासमोर 'मित्र' म्हणून बोललेलं असतं, मॅजिस्ट्रेटसमोर जायच्या आधी दोन दिवस कानात भरलेलं असतं, आणि मोक्कासारख्या कायद्यात एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने संमतीशिवाय नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली, कारण माणसाच्या मनावरचा त्याचा ताबाच ती काढून घेते. खोटा पुरावा पुढे ठेवून माणसाचा निर्णय फिरवणं हे त्याच्यापासून किती लांब आहे?

मला मान्य आहे की सगळ्या केस एवढ्या स्वच्छ वेगळ्या होत नाहीत. कॅनडात पोलिसांनी 'मिस्टर बिग' नावाची पद्धत काढली, खोटी टोळी उभी करायची, संशयिताला त्यात ओढायचं, पैसा द्यायचा, दोस्ती द्यायची, आणि शेवटी 'बॉस'समोर उभं करून म्हणायचं की जुना खून कबूल कर, तरच टोळीत राहशील. २००८ पर्यंत साडेतीनशेहून जास्त वेळा हे वापरलं गेलं आणि त्यातून काही खरे खुनी पकडलेही गेले. दिसायला हे वेषांतर आहे, पण आत चौकशीच चालू आहे, कारण 'मी खून केला' म्हणणाऱ्याला बक्षीस आणि 'नाही केला' म्हणणाऱ्याला बाहेरचा रस्ता. एकट्या, कफल्लक निर्दोष माणसाने तिथे काय केलं असतं? बढाई मारली असती. २०१४ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अशी कबुली आधी अग्राह्यच धरायची, ती भरवशाची का आहे हे सरकारने सिद्ध करायचं. मला हा मार्ग योग्य वाटतो, ओझं थाप मारणाऱ्यावर पाहिजे. लहान मुलांच्या बाबतीत तर एवढीही सूट नको, अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांच्या चौकशीत खोटं बोलायला बंदी घातली आणि पाठोपाठ इतर राज्यंही आली.

अश्वत्थामा मेला हे द्रोणांना भीमाने सांगितलं तेव्हा पटलं नाही, युधिष्ठिराने सांगितलं तेव्हा पटलं. जो एरवी खोटं बोलत नाही त्याचंच खोटं चालतं. पोलिसांची थाप चालते ती याच भरवशावर, आणि प्रत्येक थापेने तो भरवसा थोडा खर्च होतो, मग पुढच्या वेळी 'ठसे खरंच सापडलेत' हे खरं सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर आरोपी विश्वास ठेवत नाही, साक्षीदारही ठेवत नाही.

राहतो तो शेवटचा आणि सगळ्यात जड प्रश्न, की ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं काय, तुम्ही आरोपीच्या हक्कांचं बोलताय. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर जुलै १९९२ मध्ये एका तरुण आईचा तिच्या लहानग्या मुलासमोर खून झाला. पोलिसांना एका माणसाचा संशय होता, पुरावा काही नव्हता. मग एका महिला पोलिसाला खोट्या नावाने त्याच्याशी मैत्री करायला लावलं, महिनोन्महिने पत्रं, फोन, भेटी, प्रेमाचं आमिष. तिने त्याला सांगितलं की तो खून तू केला असतास तर आपलं जमलं असतं. त्यावर त्या एकट्या, प्रेमाला आसुसलेल्या माणसाने तिची माफी मागितली आणि सांगितलं की मी नाही केला. तरी पोलिसांनी त्याच्या पत्रांतल्या कल्पनांवरून खटला भरला. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा फेकून दिला, तोवर वर्षभराहून जास्त तो तुरुंगात होता आणि नंतरही कित्येक वर्षं लोक त्याला खुनीच समजत राहिले. खरा खुनी दुसराच होता, २००८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, डीएनएच्या पुराव्यासमोर. पोलीस ज्या काळात चुकीच्या माणसाला तुरुंगात ठेवून त्याच्यावर खटला उभा करत होते, त्याच काळात, नोव्हेंबर १९९३ मध्ये, मोकळ्या फिरणाऱ्या त्या खऱ्या खुन्याने आणखी एका आईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला त्यांच्याच घरात मारलं.